सेलूच्या जिनिंगमधली निळी नाव

नाव पाण्यात आहे, आणि रात्रभर पाण्यात राहूनही तिचा तळ कोरडा आहे. आज सकाळी साडेसहाला वच्छलावहिनींनी फोनवर ही बातमी दिली. स्वतः आत उतरून, तळावर सगळीकडे हात फिरवून बघितल्याचंही त्यांनी सांगितलं. मी आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी बातम्या लिहिल्या, पण इतकं खात्रीचं सूत्र क्वचितच मिळालं.

परभणी जिल्ह्यात नाव विकत घ्यायला कोण फिरतं, असं तुम्ही विचाराल. आठवड्यापूर्वी मीही विचारलं असतं. इथे लोक जुना ट्रॅक्टर बघायला जातात, बैल बघायला जातात, मुलगी बघायला जातात. पण गेल्या आठवड्यात मी चार दिवस सेलू आणि गंगाखेडच्या वाऱ्या करून जुनी नाव बघितली, आणि इतकी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. कुणाला अशी खरेदी करायची असेल तर उपयोग होईल म्हणून आणि खरं सांगायचं तर सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे लिहितोय.

सुदामदादा माझा मामेभाऊ. वच्छलावहिनी त्याची बायको. जिंतूरच्या पुढे येलदरी धरणाचा फुगवटा शेतांमध्ये शिरलाय, तिथे त्यांचं गाव. घर पाण्याच्या अलीकडे, कापसाचं रान पलीकडे. पाऊसकाळ बरा झाला की मधली वाट बुडते. रस्त्याने वळसा घ्यायचा तर येण्याजाण्यातच निम्मा दिवस जातो. म्हणून मामांच्या काळापासून त्यांच्याकडे एक लाकडी नाव होती. यंदा दिवाळीआधी वेचणीला जाताना ऐन मध्यावर तिच्यात पाणी शिरलं. आत वहिनी आणि गावातल्या सात बायका. आठ जणींपैकी एकीलाही पोहता येत नाही. जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसत त्या कशाबशा काठाला लागल्या, आणि तिथेच ओल्या लुगड्यांनी उभं राहून त्यांनी ठरवलं, की या नावेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिकडे रान पांढरंशुभ्र फुटलेलं. एक अवकाळी सर आली की सगळा कापूस मातीत.

दादाला तातडीने नाव हवी होती. वहिनींना अशी नाव हवी होती जिच्यात बसता येईल. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे आम्हाला सेलूत कळलं.

पहिला दिवस: परभणी ते सेलू

दोघं आदल्या संध्याकाळी एसटीने माझ्याकडे परभणीला आले. सकाळी स्टेशनबाहेर गाड्यावर सुशीला खाल्ला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी. प्लेट पंचवीस रुपये, वर लिंबू मागितलं तर मिळतं. सेलूला रेल्वेने जा, बसने नको. रस्ता आता बरा झालाय, पण गाडीत बसायला जागा आणि ऐकायला गप्पा मिळतात. आमच्या समोरचा एक गृहस्थ सरकीच्या भावाबद्दल बोलत होता. आम्ही कशाला चाललोय हे दादाने सांगितल्यावर तो म्हणाला, ‘सेलूत नाव? उद्या बोरीत जहाज मिळायलंय म्हणाल.’ डब्यात हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत.

नाव होती मदनशेठ यांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. शेठ कापसाचे व्यापारी. लग्नाआधीचे फोटो पाण्यावर काढायची हौस सगळीकडे पसरली तेव्हा त्यांनी दुधनेच्या धरणात फिरवायला म्हणून ही नाव कोकणातून मागवली. दोन हंगाम चालली, मग धंदा बसला आणि दोन वर्षांपूर्वी नाव आवारात आली.

मला ते पहिलं दर्शन विसरता येणार नाही. सरकी काढलेल्या कापसाचा दुमजली ढीग, आणि त्याच्या शेजारी विटांवर, अर्धवट सरकवलेल्या ताडपत्रीखाली निळीशार, ऐसपैस फायबरची नाव. कडांवर कापसाची पिसं बसलेली, जणू ढगातून खाली उतरवलीय. पुढच्या टोकाला, नाकाडाजवळ पितळी पट्टी: ‘जलराज’. शेठनी फोनवर कंपनीचं नाव सांगितलं होतं, म्हणून मी आदल्या रात्रीच तिच्याबद्दल इंटरनेटवर वाचलं होतं. कोकणातल्या एका जुन्या सहकाऱ्यालाही फोन केला होता. तो म्हणाला होता, जलराजची नाव डोळे झाकून घे, इथले मासेमार वीस-वीस वर्षं वापरतात. पट्टी दिसताच माझा जीव हरखला. दादाचा तर त्याहून.

दादाने नाव तशीच तपासली, जसा आमच्याकडे जुना ट्रॅक्टर तपासतात. थेट इंजिनकडे. मागे टांगायचं ते इंजिन पिंपात बुडवून चालू केलं, कान लावून ऐकलं, तेल बोटाला लावून चोळलं, वास घेतला. बंद केलं, पुन्हा चालू केलं. तीन वेळा. इंजिन खरोखर उत्तम होतं. ज्यावर माणसं बसणार त्या नावेकडे मात्र आम्ही दोघांनीही लांबून बघितलं, फोटो काढावा तसं. मी फोटो काढलाही.

मग शेठनी खांद्यावरचा रुमाल दादाच्या हातावर टाकला.

बैलबाजार न बघितलेल्यांसाठी: आमच्याकडे सौदा चारचौघांत तोंडाने होत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसतं. आकडा जमला की हात घट्ट दाबायचा. त्यानंतर माघार घेतली तर माणूस पुढच्या बाजारात तोंड दाखवू शकत नाही. दादाचा शब्द जिंतूरच्या बाजारात चालतो तो याच जोरावर. रुमाल दोन मिनिटं हलला, थांबला, पुन्हा हलला. मग शेठ हसले, दादाही हसला. हात दिला गेला होता. आकडा मी लिहीत नाही, वहिनींनी तशी ताकीद दिलीय.

इतका वेळ वहिनी नावेभोवती एकट्या फिरत होत्या. त्या जवळ आल्या आणि दादाला विचारलं, ‘जुंपून बघितली का?’

शेठना वाटलं ही गंमत आहे. ते म्हणाले, ‘वैनी, नाव काय बैल हाय का?’

‘हात तर बैलावानीच घेतला की तुमी.’

आजूबाजूचे हमाल हसत होते, ते थांबले. बैलाच्या सौद्यात हात दिल्यावरही गाडीला जुंपून बघायचा हक्क घेणाऱ्याला असतो. लंगडला, बसला, तर सौदा मोडतो आणि कुणाचाही शब्द जात नाही. ही रीत शेठनाही माहीत होती. त्यांच्या घरीही आधी शेतीच होती. ते क्षणभर दादाकडे बघत राहिले आणि म्हणाले, परवा या, बघा जुंपून. पण कशी जुंपायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

परतीच्या गाडीत दादा चिडलेला होता. चारचौघांत बायकोने असं विचारायचं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका, असं त्याचं म्हणणं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मानवत रोड गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुमाला पवता येतंय. मला न्हाई.’ 

दुसरा दिवस: गंगाखेड

नाव जुंपायची कशी, हे सांगणारा माणूस गंगाखेडला सापडला. गोदावरीच्या काठी मासेमारांना विचारत गेलो, सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: रशीदचाचा. सकाळची बस गाठा, ऊन चढायच्या आत पोचता. घाटाच्या रस्त्याला एका टपरीवर तळलेला रोहू मिळतो, ज्वारीच्या भाकरीबरोबर. ताटाचे सव्वाशे मला स्वस्त वाटले, दादाला महाग.

रशीदचाचा मुळात नावेचे कारागीर नाहीत. पंचवीस वर्षं ते कूलरचे फायबरचे टब आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतात. गोदावरीवर बंधारे झाले, पाणी थांबलं, फायबरच्या नावा आल्या, तेव्हा मासेमार त्यांच्याकडे यायला लागले. मी विचारलं, टाकी आणि नाव यात फरक काय. ते म्हणाले, ‘टाकीतलं पानी बाहेर जायला नको, नावेत बाहेरचं आत यायला नको. काम एकच, साहेब. फक्त उलटं.’

जलराजचं नाव काढताच त्यांनी मान डोलावली. कंपनी चांगली, थर जाड देतात, कोपरे नीट भरतात. मी लगेच दादाकडे विजयी नजरेने बघितलं. पण चाचांनी पुढे विचारलं, की नाव दोन वर्षं ठेवली कशी होती? उपडी की सुलटी? झाकलेली की उघडी? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वहिनींनी सांगितलं: सुलटी होती, वर ताडपत्री, ताडपत्रीच्या मधोमध झोळ, आणि झोळाखालच्या फळीवर शेवाळाचा हिरवा डाग. नवा रंग त्या डागावरूनच दिलेला.

‘मग कंपनीनं काय करायचं?’ चाचा म्हणाले. ‘पैदा चांगल्या घरात झाली, पर पाळली कुनी?’

त्यांच्या आवारात एक करड्या रंगाची नाव उपडी पडली होती. ठिगळांवर ठिगळं, गोधडीसारखी. पट्टी नाही, इंजिन नाही. मी तिच्यावरच बसून चहा प्यायलो आणि तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

तिसरा दिवस: पुन्हा सेलू

चाचा आमच्याबरोबर आले. दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं तिकीट, बाकी काही मागितलं नाही. सोबत पिशवीत एक पाना, पेचकस, खडू आणि दहा रुपयांचं नाणं.

आधी त्यांनी शेठच्या हमालांना नाव उचलायला लावली. या मापाची नाव सहा माणसं सहज उचलतात, असं ते म्हणाले. जिनिंगचे हमाल म्हणजे गाठी उचलणारी माणसं. सहा जण लागले, नाव हलली नाही. आठ लागले तेव्हा कशीबशी विटांवरून निघाली. तळाच्या दोन थरांमध्ये फोम असतो. त्याने दोन वर्षं पाणी पिऊन पिऊन पोट भरलं होतं.

मग नाणं. चाचा गुडघ्यावर बसून नाण्याने नाव वाजवत पुढून मागे सरकत गेले. टण, टण, टण. पुढचा भाग घंटेसारखा. मागे आल्यावर आवाज बसला, ओल्या मडक्यासारखा झाला. तिथे त्यांनी खडूने गोल काढला. असे पाच गोल झाले. मला हे इतकं रंगतदार वाटत होतं की मी त्यांच्यामागे गुडघ्यावरच सरकत होतो. माझी पॅंट अजून निळी आहे.

शेवटी पाणी. पाण्यात नाव घालायची नाही, नावेत पाणी घालायचं. ही टाकीवाल्याची युक्ती. जिनिंगच्या नळाला पाइप लावून तळात वीतभर पाणी भरलं आणि सगळे खाली वाकून बसलो, शेठसुद्धा. पाच मिनिटं काही नाही. दादाचा चेहरा खुलायला लागला. मग मागच्या फळीखालून, नेमकं जिथे इंजिन टांगतात तिथून, एक काळपट थेंब आला. मग दुसरा. मग धार.

चाचांनी इंजिनच्या जागेचा एक बोल्ट काढला आणि भोकात तिरका पेचकस घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला कुजलेलं लाकूड लागलं होतं, चिखलासारखं. फायबरच्या दोन थरांमधली फळी संपलेली होती. चालत्या नावेतून इंजिन फळीसकट निखळलं असतं आणि मागे हातभर भोक पडलं असतं, असं चाचांनी हळू आवाजात सांगितलं.

शेठ भडकले. हात देऊन आता कारागीर आणून नाव फोडता, असं काहीबाही बोलले. माणसं जमली. दादा खाली मान घालून उभा होता. मला त्याच्या मनातलं दिसत होतं. तो घ्यायलाही तयार झाला असता. दुरुस्त करून घेऊ म्हणाला असता, शब्द जायला नको म्हणून.

वहिनी पुढे झाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, ‘शेठ, तुमी बसा हिच्यात. मीबी बसते. दुधनेच्या मधोमध जाऊन येऊ. कोरडं आलाव तर नाव आमची.’

शेठ त्या चिखल लागलेल्या पेचकसाकडे बघत राहिले. मग त्यांनी चाचांना विचारलं, हे कुजायला किती दिवस लागले असतील. चाचा म्हणाले, वर्ष तरी. शेठ विटांच्या ढिगावर बसले. गेल्या वर्षी दिवाळीत त्यांची मुलगी आली होती. हौसेने नाव पुन्हा धरणावर नेली होती, आणि मुलगी, जावई, दोन नातवंडं, सगळी याच नावेतून फिरली होती. ‘बारकी तर मागंच बसली होती, इंजिनापाशी,’ ते म्हणाले. 

थोड्या वेळाने ते उठले. रुमाल दादाच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि बोट न दाबता हात काढून घेतला. सौदा मोडला, तोही रीतसर. ‘इंजिन घेऊन जा,’ ते म्हणाले. ‘ते खरंच चांगलं हाय.’ त्याचा सौदा तिथेच झाला. या वेळी वहिनींनीही हरकत घेतली नाही.

चौथा दिवस: करडी नाव

आम्ही पुन्हा गंगाखेडला गेलो, कशासाठी ते तुम्ही ओळखलं असेल. चाचांच्या आवारातली ठिगळांची नावही जलराजचीच होती. पट्टी कधीच निखळलेली, पण नाकाडाच्या आत साच्यात कोरलेला क्रमांक तसाच. बारा वर्षं एका मासेमाराने रोज वापरलेली, रोज संध्याकाळी उपडी घातलेली. म्हाताऱ्याने गुडघ्यांमुळे धंदा सोडला आणि नाव विकायला चाचांकडे ठेवली होती.

मी आनंदाने दादाची पाठ थोपटली. वहिनी चाचांना म्हणाल्या, ‘काल दुसऱ्याची नाव फोडली, आज स्वतःच्या आवारातली दाखवायलाव. आमी काय समजायचं?’

मला ओशाळल्यासारखं झालं. चाचांना झालं नाही. त्यांनी नाणं वहिनींच्या हातात दिलं आणि स्वतः लांब खाटेवर जाऊन बसले.

वहिनींनी पूर्ण नाव वाजवली, मला वाटतं तासभर. मग चार मासेमारांनी ती उचलली, सहाही लागले नाहीत. मग पाणी. पुढच्या बाजूला, एका जुन्या खिळ्याच्या भोकातून थेंब आला. एकच, मिनिटाला एक. वहिनींनी त्याभोवती खडूने गोल काढला आणि काही न बोलता चाचांकडे बघितलं. चाचा उठले, बघितलं, म्हणाले, ‘हौ, है.’ ते भोक त्यांनी माझ्यासमोर घासलं, भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणी भरून दाखवल्यावरच नाव टेम्पोत चढवली. दादाने या वेळी रुमाल काढला नाही. आधी जुंपून झालं, मग आकडा ठरला.

टेम्पो गंगाखेड ते जिंतूर साडेचार हजार, पुढे गावापर्यंत पाचशे जास्त, कारण शेवटचा रस्ता अजून खडीचाच आहे. परभणीत थांबलो तेव्हा चौकात गर्दी जमली. एकाने विचारलं, पूर येणार हाय का. दादाने इतक्या गंभीरपणे हो म्हटलं की तो माणूस आभाळाकडे बघायला लागला.

घरी

आता परभणीत माझ्या टेबलाशी बसून लिहितोय. कुणाला जुनी नाव घ्यायची असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. कंपनीचं नाव जरूर विचारा, ते खोटं नसतं. पण ते विकणाऱ्याला विचारू नका, वापरणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला विचारा. नाव कशी ठेवली होती ते विचारा. नव्या रंगाखाली काय आहे ते बघा. इंजिन शेवटी बघा, पहिलं बघाल तर बाकी काही दिसणार नाही. धरणात घालायची तर परवानगीचं आधी विचारून घ्या, आणि माणशी एक लाइफ जॅकेट. आणि जो रोज त्या नावेत बसणार आहे त्याला बरोबर न्या. आम्ही वहिनींना नेलं ते खरं म्हणजे परभणीत साडी घ्यायची म्हणून. ती घ्यायची राहूनच गेली.

काल दुपारी नाव फुगवट्यात उतरली. रात्रभर पाण्यात बांधून ठेवली होती आणि सकाळचा अहवाल वर दिलाच आहे. पण बायकांना तेवढ्यावर भागत नाही, असं वहिनी म्हणाल्या. उद्या सकाळी सात वाजता दादाने आठ जणींच्या वजनाची वाळूची पोती भरून एकट्याने पलीकडे जायचं आणि तशीच परत आणायची. आठही जणी काठावर उभ्या राहून बघणार. मग एकेकीने पोत्यांचं बूड चाचपायचं. सगळी कोरडी निघाली तर पोती उतरतील आणि त्या बसतील. एक जरी ओलं निघालं तरी बसणार नाहीत, मग कापूस रानात राहो. दादाने हे कबूल केलंय. सव्वाआठपर्यंत निकाल कळेल, असा वहिनींचा अंदाज आहे.